बाबासाहेब आणि कष्टकऱ्यांच्या कमाईचा हिशेब

जून उजाडला की रत्नागिरी तालुक्यातले दोन मोठे रोजगार जवळपास एकाच वेळी थांबतात. आंब्याचा हंगाम मे अखेर संपतो आणि १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीला बंदी असते. बागेतले गडी, पेट्या भरणाऱ्या बाया, बोटीवरचे खलाशी, मासळी निवडणाऱ्या बाया, सगळ्यांच्या हातचे काम जाते. हातखंब्याच्या तिठ्यावरून मुंबई, रत्नागिरी, कोल्हापूरकडे गाड्या धावतच असतात. या माणसांच्या घरात मात्र दोन महिने ठरलेली आवक नसते. अशा दिवसांत एखाद्याने चार दिवस कुणाच्या शेतात लावणी केली, तर तो कसला बेकार, असे म्हणायला लोक मोकळे! कायद्यापुढेही नेमका हाच प्रश्न असतो. बेकारीच्या काळात हाती आलेली चार दिवसांची मजुरी कशी धरायची? आणि बेकाराला मदत द्यायची तर ती त्याच्या आधीच्या कोणत्या कमाईवर मोजायची? जगातल्या प्रत्येक बेकारी विम्याच्या कायद्याला या दोन प्रश्नांचे उत्तर द्यावे लागते, आणि ज्याच्या हाती हिशेबाची वही असते तो ते उत्तर आपल्या सोयीचे देतो.

परमपूज्य बाबासाहेबांचे चरित्र सांगताना आपण चवदार तळे, काळाराम मंदिर, पुणे करार, संविधान आणि धम्मदीक्षा असे टप्पे घेतो. ते योग्यच आहे. परंतु मजूरमंत्री म्हणून त्यांनी काढलेली चार वर्षे आपण एका वाक्यात उरकतो, आणि त्या चार वर्षांआधीची त्यांची तयारी तर कोणी सांगतच नाही. कमाई, कमाई थांबणे आणि थांबलेल्या कमाईची भरपाई, या अंगाने त्यांचे आयुष्य पाहिले तर ते रत्नागिरी जिल्ह्यापासूनच सुरू होते.

मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे त्यांचे मूळ गाव. वडील रामजी मालोजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. महू येथे १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला. त्या काळात कोकणातील महार कुटुंबांना गावकीच्या गुलामीतून बाहेर काढणारा एकच रस्ता होता, तो म्हणजे पलटण. तिथे रोख पगार होता, मुलांना शाळा होती, म्हातारपणी पेन्शन होते. १८९२-९३ च्या सुमारास इंग्रज सरकारने महारांची भरती बंद केली आणि हा रस्ताच बुजवून टाकला. एका संपूर्ण समाजाची रोजी सरकारच्या एका धोरणाने गेली, आणि भरपाई म्हणून कोणाला एक दमडी मिळाली नाही. दापोलीत राहून काम करणारे निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली त्याविरुद्ध सरकारकडे अर्ज केला होता. बेकारीबद्दल दलितांनी राज्यसंस्थेला जाब विचारल्याचा हा आपल्या जिल्ह्यातला पुरावा आहे, आणि तो बाबासाहेब तीन वर्षांचे असतानाचा आहे.

रामजी सुभेदार निवृत्त झाल्यावर कुटुंब काही काळ दापोलीत राहिले, मग साताऱ्याला गेले. तिकडे रामजींनी पुन्हा सरकारी नोकरी धरली. पुढे मुंबईत परळच्या चाळीत मुलांचे शिक्षण चालले ते मुख्यतः दरमहा पन्नास रुपयांच्या पेन्शनवर. पेन्शन ही कुणाची मेहेरबानी नसते. ती आधी केलेल्या सेवेची कमाई असते, फक्त उशिरा हाती येते. त्या घरातला मुलगा एल्फिन्स्टन हायस्कुलात जाऊ शकला त्यामागे ही उशिरा हाती येणारी कमाई होती.

स्वतः बाबासाहेबांनी बेकारी भोगली. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून, लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून ते १९१७ साली बडोद्यात नोकरीवर हजर झाले. कार्यालयात शिपाई दुरून कागद फेकत, राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेतून हाकलले गेले. अकरा दिवसांत ते मुंबईला परतले. त्यानंतर वर्षभर मिळेल ते काम त्यांनी केले. शिकवण्या घेतल्या. शेअर बाजाराचा सल्ला देणारी कचेरी उघडली, पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक थांबले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी मिळाली, पगार दरमहा ४५० रुपये. त्यातूनही काटकसर करून, मित्रांकडून कर्ज घेऊन ते १९२० मध्ये लंडनला परतले. या वर्षांचा संसार रमाईंनी कसा ओढला हे आपल्या प्रत्येक घराला माहीत आहे. इथे एवढेच लक्षात घ्यायचे की त्या वर्षात शिकवणीचे दहा-वीस रुपये मिळाले म्हणून ते बेकार नव्हते असे कोणी म्हणेल काय?

१९२७ पासून ते मुंबई विधिमंडळाचे नियुक्त सदस्य होते. १९२८ साली त्यांनी तिथे वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले, आणि माझ्या मते कमाईच्या प्रश्नावरचे त्यांचे सर्वात मूलगामी काम हेच आहे. महार वतनदाराला सरकारी कामासाठी चोवीस तास बांधून ठेवले जाई. तो आजारी पडला तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. त्या बदल्यात सरकार जवळपास काहीच देत नसे, कारण वतनाची जमीन आहे आणि गावाकडून बलुते मिळते, असा सरकारचा हिशेब होता. म्हणजे काम सरकारचे, आणि मोबदल्यातून वजा करायची ती गावकऱ्याने भीक म्हणून टाकलेली भाकर! बलुते देणे न देणे गावाच्या मर्जीवर. महाराने हक्काची भाषा केली की बलुते बंद. हातात न आलेली कमाई सरकारी वहीत मात्र जमा धरलेली असे. बाबासाहेबांची मागणी सरळ होती. बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर करा, ती सरकारमार्फत द्या, ज्याला वतन सोडायचे त्याला जमीन ठेवून मोकळा करा, आणि कोणी कोणते काम करायचे ते कायद्यात लिहा. विधेयक १९२९ मध्ये मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा आला तो १९५८ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर.

त्याच १९२८ साली गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला त्यांनी विधिमंडळात पाठिंबा दिला. प्रसूतीच्या काळात बाईची बुडणारी मजुरी तिच्या एकटीवर टाकता येणार नाही, मालकाने आणि अखेर सरकारने तो भार उचलावा, ही त्यांची भूमिका होती. काम थांबले तरी कमाईचा काही भाग चालू राहिला पाहिजे हे तत्त्व त्यात आले. गिरण्यांत आणखी एक अन्याय होता. जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता, कारण तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागे. साम्यवादी पुढाऱ्यांच्या मागण्यांच्या यादीत ही गोष्ट आपणहून आली नाही. बाबासाहेबांनी ती घालायला लावली. बरोबरीच्या मजुरीची घोषणा करणाऱ्यांना खातेच बंद असलेल्या कामगाराची बुडालेली मजुरी दिसत नव्हती.

दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी बाबासाहेब १९३१ च्या सप्टेंबरपासून लंडनमध्ये होते. इंग्लंडात बेकारी विमा १९११ च्या कायद्याने आला होता. मंदीत लाखो लोक बेकार झाल्यावर तिथल्या सरकारने नोव्हेंबर १९३१ पासून विम्याचा हक्क संपलेल्यांसाठी मिळकतीची चौकशी लावली. अधिकारी घरी येत, घरात कोण किती कमावतो ते लिहून घेत, आणि मुलाची किंवा मुलीची मजुरी बापाच्या मदतीतून वजा करत. त्यामुळे कमावती मुले घर सोडून वेगळी राहू लागली. इंग्लंडच्या कामगारवर्गात या चौकशीबद्दलची चीड पुढची दहा वर्षे विझली नाही. बलुते वजा करणारा आपल्याकडचा मामलेदार आणि लेकीची मजुरी वजा करणारा तिथला अधिकारी, दोघांचे गणित एकच होते. त्याच वर्षी भारतातल्या मजुरांविषयीच्या शाही आयोगाचा अहवाल आला आणि भारतात बेकारी विमा सध्या शक्य नाही असा निर्वाळा त्याने दिला.

१५ ऑगस्ट १९३६ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला. बेकारी कमी करण्यासाठी वसाहतीला जमिनी द्याव्यात आणि सरकारी बांधकामे काढावीत, हे त्या पक्षाच्या जाहीरनाम्यात होते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर गेला. त्यात महार होते तसे कुणबी, आगरी होते. खोती म्हणजे काय हे रत्नागिरीच्या वाचकाला सांगायला नको. कुळाने पिकवायचे आणि खोताने खळ्यावर बसून वाटा ठरवायचा. इथेही हिशेबाची वही खोताकडे. खोती रद्द करणारा कायदा १९४९ साली झाला. आज आपल्याच जिल्ह्यात खोती गेली ती कुणामुळे, हे विचारले तर मोर्चात आजोबा गेलेल्या कुटुंबांतल्या तरुणांनाही सांगता येत नाही. १९३८ च्या ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध झालेला संप तर आपल्या स्मरणातून पार गेला आहे. संप करणे हा गुन्हा ठरवणे म्हणजे मजुराला गुलाम ठरवणे, असा त्यांचा विरोधाचा मुद्दा होता.

२० जुलै १९४२ रोजी बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याची सूत्रे घेतली. सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलाशी बसवणारी त्रिपक्षीय परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरू लागली. मार्च १९४३ मध्ये बी. पी. अडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम देण्यात आले. अहवाल ऑगस्ट १९४४ मध्ये आला. त्यावरून तयार झालेले विधेयक बाबासाहेब खात्यातून गेल्यानंतर नोव्हेंबर १९४६ मध्ये मांडले गेले आणि १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. प्रत्यक्ष योजना फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली. आजारपण, प्रसूती, कामावरची इजा यांत बुडालेल्या मजुरीचा काही भाग मिळण्याची सोय त्यात झाली. बेकारी मात्र या योजनेच्या बाहेर राहिली.

बेकारीच्या बाजूने त्यांच्या खात्याने दुसरी कामे केली. १९४५ मध्ये सेवायोजन कार्यालये उघडली, ती आधी युद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी होती. १९४६ मध्ये कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. तास कमी झाले की तेवढ्याच कामाला जास्त हात लागतात, युद्ध संपल्यावर येणाऱ्या बेकारीवर हा एक उपाय होता. ११ एप्रिल १९४६ रोजी त्यांनी किमान वेतनाचे विधेयक मांडले, त्याचाही कायदा १९४८ मध्ये झाला. त्या कायद्याचे पंधरावे कलम आम्ही वकील मंडळींनीही नीट वाचलेले नसते. मालकाने दिवसाचे पूर्ण काम दिले नाही, आणि मजूर काम करायला तयार होता, तर मजुरी पूर्ण दिवसाची द्यावी लागेल असे ते कलम सांगत होते. थोड्या तासांची बेकारी मालकाच्या खात्यावर टाकणारी ही तरतूद आहे. सगळेच निर्णय गौरवाचे नव्हते. कोळशासाठी युद्धकाळात स्त्रियांना खाणीत जमिनीखाली काम करण्यावरची बंदी १९४३ मध्ये उठवली गेली, त्यावर टीका झाली. बाबासाहेबांनी सरकारची बाजू मांडताना स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल याकडे लक्ष वेधले. बंदी १९४६ मध्ये पुन्हा लागू झाली. भक्तिभावात हे वगळायची गरज नाही.

मार्च १९४७ मध्ये त्यांनी संविधान सभेसाठी राज्ये आणि अल्पसंख्याक हे निवेदन लिहिले. त्यात शेती व मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे करण्याबरोबर विमा ही राज्याची मक्तेदारी करावी, आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मजुरीच्या प्रमाणात विमा सक्तीचा करावा, असा प्रस्ताव होता. कायम कामगार, हंगामी मजूर, शेतमजूर असा भेद त्यात नव्हता. मजुरी मिळते ना, मग विमा. हा प्रस्ताव संविधानात आला नाही. आले ते ४१ वे कलम. बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता यांत सरकारी साहाय्याचा हक्क, पण राज्याच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत, आणि न्यायालयातून वसूल करता न येणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांच्या प्रकरणात. संविधान सभेतले बहुमत कोणाचे होते हे लक्षात घेतले म्हणजे एवढे तरी कसे आले याचेच आश्चर्य वाटते.

१९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. १९५३ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफची भरपाई आली. काम नसलेल्या दिवसांसाठी मूळ पगार व महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम, पण बदली आणि नैमित्तिक कामगाराला वगळून. गिरणीच्या दारात रोज सकाळी उभा राहणारा बदली कामगार, ज्याला बेकारी सर्वात जास्त ठाऊक, तोच बाहेर. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले.

पुढची हकीकत सांगितल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. कर्मचारी राज्य विम्यात बेकारी भत्ता १ एप्रिल २००५ रोजी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेतून आला. १ जुलै २०१८ पासून अटल विमित व्यक्ती कल्याण योजना आली, आधी सरासरी कमाईच्या २५ टक्के आणि कोरोनाच्या काळात, २०२० पासून, ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस. ही सरासरी कशी काढायची ठरले ते पाहा. मागच्या चार वर्गणी-कालावधींतली, म्हणजे दोन वर्षांतली, एकूण कमाई भागिले ७३०. भागाकार काम केलेल्या दिवसांनी नाही, दोन वर्षांच्या सगळ्या दिवसांनी. दरमहा १२,००० रुपयांवर दोन वर्षे सलग काम केलेल्याची दिवसाची सरासरी ३९४ रुपये येते, निम्मी मदत १९७. त्याच पगारावर ज्याला दोन वर्षांत निम्मेच महिने काम मिळाले, त्याची मदत दिवसाला ९८ रुपये. जो जास्त बेकार होता त्याला बेकारीची मदत कमी! शिवाय मधे दुसरी नोकरी मिळाली की मदत त्या तारखेपर्यंतच. थोडी कमाई चालू ठेवून उरलेल्या तुटीपुरती मदत, अशी सोय त्यात ठेवली गेली नाही.

ग्रामीण रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात, मागूनही काम न मिळाल्यास पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान एक चतुर्थांश आणि पुढे किमान निम्मा बेकारी भत्ता लिहिलेला होता. पण कुटुंबाची मजुरी आणि भत्ता मिळून शंभर दिवसांच्या मजुरीइतकी रक्कम झाली की सरकारची जबाबदारी संपे. इथेही हिशेब माणसाचा नाही, घराचा.

न्यायालयांनी काही वेळा उलट दिशेने पाऊल टाकले आहे. महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ठरवले की बेकायदा काढून टाकलेला कर्मचारी मधल्या काळात दुसरीकडे कमावत होता असे मालकाला म्हणायचे असेल, तर तसे मालकाने मांडून सिद्ध करावे. कर्मचाऱ्याने आपण बेकार होतो एवढे शपथेवर सांगितले की पुढचा भार मालकावर. कामगार न्यायालयात मालकाचा वकील उलटतपासणीत हमखास विचारतो, मग इतकी वर्षे पोट कसे भरले? पोट भरणे आणि लाभदायक नोकरी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता लागू झाल्या. सामाजिक सुरक्षा संहितेत मजुरीची नवी व्याख्या आहे. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले तर वरचा भाग मजुरीत धरायचा. पगारपत्रकात मूळ पगार नावाला आणि बाकी भत्ते दाखवणाऱ्या मालकांना त्यामुळे आळा बसू शकतो. विम्याचे प्रकरण मात्र जुन्या कायद्याप्रमाणेच हंगामी कारखाना वगळून दहा किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांना लागू केले आहे. साखर कारखाना १९४८ च्या कायद्यातही हंगामी म्हणून बाहेर होता, आंब्याची बाग तर कारखानाच नाही.

हातखंबा, निवळी, पाली या पट्ट्यातल्या ज्या बांधवांच्या पगारातून विम्याची वर्गणी कापली जाते त्यांनी आपला विमा क्रमांक घेऊन किती दिवसांची वर्गणी प्रत्यक्ष भरली गेली ते तपासावे. योजनेच्या अटी दिवसांवर होत्या. किमान दोन वर्षे विमित नोकरी आणि २०२० च्या सवलतीनुसार शेवटच्या वर्गणी-कालावधीत ७८ दिवस, शिवाय आधीच्या तिन्हींपैकी एकात ७८ दिवस. ठेकेदार कापतो आणि भरत नाही असे आढळले तर लेखी तक्रार करून पोच घ्यावी. पगारपत्रक मिळत नसेल तर हजेरीची तारीखवार नोंद स्वतःच्या वहीत ठेवावी आणि मजुरी बँकेतून मागावी.